बेचाळिसावं घड्याळ

बसा. तो दिवा तुमच्याकडे ओढून घ्या, मला आता त्याची फारशी गरज पडत नाही. का पडत नाही, तेच सांगतो.

घड्याळजीला कुणी घरी बोलावत नाही. नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलावतात, कारण नळ उचलून दुकानात आणता येत नाही. घड्याळ खिशात मावतं. त्यामुळे गेल्या वर्षी एक बाई दुकानात येऊन "काका, तुम्हालाच घरी यावं लागेल" म्हणाली, तेव्हा मी आधी हसलोच. चाळिशीची असेल. शाळेत शिकवते हे तिने सांगायच्या आधीच मी ओळखलं, कारण प्रत्येक गोष्ट ती दोनदा सांगत होती.

तिचे वडील एकटे राहत होते. नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेले. आई जाऊन सहा वर्षं झालेली. आणि या सहा वर्षांत म्हाताऱ्याने घड्याळं विकत घ्यायचा सपाटा लावला होता. सगळी जुनी, कुणी ना कुणी वापरलेली.

"किती आहेत?" मी विचारलं.

"चाळीसच्या वर. मला हात लावू देत नाहीत. तुम्ही फक्त बघा, यादी करा, कुठलं चालतं आणि कुठलं नाही ते लिहा. सगळी विकायची आणि बाबांना माझ्याकडे न्यायचं. नीट जेवत नाहीत, काका. गेल्या महिन्यात जिन्यात चक्कर येऊन पडले. मी इतक्या विनवण्या केल्या, पण जागचे हलत नाहीत. आता कुठे म्हणालेत, त्या घड्याळजीला आण, त्याने एक घड्याळ बघून सांगितलं की मी येतो."

"त्या म्हणजे कुठल्या?"

"तुम्ही. तुमच्या दुकानाचा पत्ता त्यांनीच दिला."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर म्हाताऱ्याची मला गंमत वाटली होती. घड्याळं जमवणारे मी पुष्कळ पाहिलेत. नवीन घड्याळ घेतलं की बाहीच्या आत लपवत लपवत दुकानात येतात आणि मग आपणहून बाही वर करतात. पंधरा दिवस त्या घड्याळासारखं घड्याळ जगात नसतं. सोळाव्या दिवशी माझ्या टेबलावर पडलेल्या दुसऱ्याच्या घड्याळाकडे त्यांची नजर जाते आणि माणूस गेलाच. "साहेब, हात दोनच आहेत," असं मी चिडवायचो. तेही हसायचे. समाधान झालं का, असं एकाला विचारलं होतं, तर तो म्हणाला, "होतं ना, घड्याळ हातात पडेपर्यंत."

तर दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला हत्यारांची छोटी पेटी घेऊन मी गेलो. तिसरा मजला. दार म्हाताऱ्यानेच उघडलं. उंच, वाळका माणूस, दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. मुलगी शाळेत होती. बाहेर भर ऊन होतं आणि आत पडदे ओढून घेतलेले. उन्हाने डायलचा रंग उडतो, म्हणून जमवणारे पडदे लावतात. त्यात मला वावगं काही वाटलं नाही.

आतल्या खोलीत भिंतीला लागून नकाशे ठेवायचं जुनं लाकडी कपाट होतं, उथळ रुंद खणांचं. म्हाताऱ्याने वरचा खण ओढला.

पहिल्यांदा वास आला. घड्याळांच्या खणाला तेलाचा, धातूचा, फार तर जुन्या चामड्याचा वास येतो. मी त्या वासात तीस वर्षं काढलीत. या खणातून माणसांचा वास आला. भरलेल्या लिफ्टमध्ये येतो तसा. घाम, साबण, कुणाच्या तरी केसांचं तेल, कुठल्याशा औषधी मलमाचा उग्रपणा. मी नाक चोळलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

सगळी घड्याळं ऑटोमॅटिक होती. तुम्हाला माहीत असेल नसेल म्हणून सांगतो. या घड्याळाला चावी द्यावी लागत नाही. आत एक अर्धगोल वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग भरते. हातावरून काढून ठेवलं की दीड-दोन दिवसांत घड्याळ गप्प होतं. थोडक्यात, ते चालत असेल तर कुणीतरी ते घालतंय, एवढं नक्की.

त्या खणातली सगळी चालत होती. दुसरा खण ओढला, तीही चालत होती. तिसरा, चौथा. एकेचाळीस घड्याळं, आणि सगळी सेकंदासकट एकमेकांशी जुळलेली.

"साहेब, रोज एकेक घालून फिरता की काय?" मी विचारलं. "एकेचाळीस घड्याळं चालू ठेवायची म्हणजे जेवायला वेळ मिळणार नाहीच."

"मी हात लावत नाही," तो म्हणाला.

मी एक उचललं. चामड्याचा पट्टा गरम होता आणि आतल्या बाजूने ओला. नुकतंच कुणी हातातून काढून ठेवावं तसा. दुसरं उचललं, तेही गरम. पण माणूस आधी स्वतःची समजूत घालतो. म्हटलं, बंद खोली आहे, उकाडा आहे. म्हातारा खोटं बोलतोय. मी खण लोटला, टेबलाशी बसलो आणि यादीचा कागद काढला.

तेवढ्यात मागे आवाज झाला.

हात वळवला की ऑटोमॅटिक घड्याळाच्या आतलं वजन गर्रकन फिरतं. अगदी बारीक आवाज असतो, गिऱ्हाइकांना ऐकूही येत नाही. मला येतो. माझ्या पाठीमागे बंद खणात एक वजन फिरलं. मग दुसऱ्या खणात एक. मग तीन-चार एकदम... जशी माणसं वाट बघत बसलेली असावीत आणि मधूनच हातांची चाळवाचाळव करावी.

मी वळून म्हाताऱ्याकडे बघितलं. तो कपाटाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"ऐकू आलं ना तुम्हाला?" तो हळूच म्हणाला. "मुलीला येत नाही."

"काय आहे हे, साहेब?"

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "बायको गेल्यावर महिना झाला नव्हता. एक फार दुर्मिळ घड्याळ मिळत होतं. विकणारा म्हणाला, बदल्यात तुमच्या बाईंचं घड्याळ द्या. दिलं मी. तिला आता काय उपयोग, असं वाटलं... ते घरी आणलं, हातावर बांधलं, आणि कुणीतरी माझा हात धरला."

मी यादीचा कागद बाजूला सरकवला.

"एखादा बांधकामवाला असावा. तळवा खरखरीत होता. मी घाबरलो, घड्याळ काढून खणात फेकलं. मग डोक्यात आलं, ज्याने घड्याळ आयुष्यभर घातलं तो जर असा येत असेल, तर तीही येईल. तिचं घड्याळ मिळालं पाहिजे. पण ते तोवर कुठल्या कुठे गेलं होतं. मग घेत सुटलो. तसलं दिसलं की घेतलं, ते बांधलं, आणि दर वेळी दुसऱ्याच कुणाचा हात निघाला."

"आणि समाधान..." माझ्या तोंडून निघून गेलं. मला स्वतःचीच लाज वाटली.

"बांधताना होतं ना," तो म्हणाला. "बकल लावेपर्यंत वाटतं, हीच. तेवढंच. मग कळतं, नाही. मग पुढचं कधी येतंय, याकडे डोळे." त्याने कपाटाकडे मान केली. "आणि ही मंडळी काही परत जात नाहीत. घड्याळ काढून ठेवलं की माझा हात सोडतात, पण घरातच, घड्याळापाशी बसून राहतात. एकदा एक विकलं. घड्याळ गेलं, हात राहिला. घरभर चाचपडत होता, घड्याळ शोधत. आठ दिवसांनी मी तेच परत विकत आणलं."

तेव्हा मला कळलं की हा माणूस मुलीकडे का जात नव्हता. यादी करून, विकून काही सुटणार नव्हतं. आणि तरी मी मनात म्हणत होतो, म्हातारा एकटा राहून भ्रमिष्ट झालाय. मागे वजनं फिरत होती आणि मी असं म्हणत होतो.

त्याने सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. "हे परवा आलं. मी अजून बांधलेलं नाही. धीर होत नाही. घड्याळाचा मालक गेल्यावर जो पहिल्यांदा बांधतो, त्याचाच हात धरतात. नंतर कुणी बांधून उपयोग नसतो. तुम्ही आत उघडून बघा. तिचं घड्याळ नेहमी तुमच्याकडे यायचं. तुमची खूण असेल."

पुडीत बायकांचं लहान ऑटोमॅटिक होतं, स्टीलच्या ताणणाऱ्या पट्ट्याचं. बंद पडलेलं, गार. कपाटातल्या एकेचाळिसांनंतर ते गार घड्याळ हातात घेऊन मला बरं वाटलं.

आम्ही घड्याळजी दुरुस्तीनंतर मागच्या झाकणाच्या आत सुईने तारीख आणि आपली खूण कोरतो. भिंगाशिवाय दिसत नाही. मी झाकण उघडलं. आत माझीच खूण होती, तीन वेळा, तीन तारखांना. आणि ती बाई मला आठवली. कमी बोलायची. घड्याळ ठेवून जाताना म्हणायची, "घाई करू नका. दोन-तीन खेपा पडल्या तरी चालतील मला." अशी गिऱ्हाइकं दुर्मिळ, म्हणून लक्षात राहिली.

"तिचंच आहे, साहेब," मी म्हणालो.

म्हातारा उठून उभा राहिला. तोंडावरून हात फिरवला, वाढलेली दाढी हाताला लागली. "दहा मिनिटं थांबाल?" तो म्हणाला. "असा कसा... दाढी करतो. सदरा बदलतो." आणि तो जवळजवळ धावत आत गेला. नळाचं पाणी वाजायला लागलं.

मी झाकण लावलं. घड्याळ दोन-चार वेळा हलवलं, आत टिकटिक सुरू झाली. आणि मग मी ते केलं.

तीस वर्षं माझी सवय आहे. ऑटोमॅटिक उघडून बंद केलं की ते आधी माझ्या मनगटावर जातं. चालतं की अडखळतं हे हातावरच कळतं. शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. डोकं त्यात नसतंच, हातच करतात. डोकं तर त्या वेळी मागच्या खणांतल्या आवाजाकडे होतं, कारण तो एकाएकी थांबला होता. एकही वजन फिरत नव्हतं. मी कान देऊन ऐकत होतो, आणि माझ्या उजव्या हाताने ताणणारा पट्टा डाव्या मनगटावर चढवला होता.

कुणीतरी माझ्या हातात हात घातला.

लहान हात. बोटं बारीक, गार, किंचित ओली. माझ्या बोटांमध्ये बोटं अडकली आणि घट्ट मिटली. मी हाताकडे बघितलं. माझाच हात होता, रिकामा, टेबलावर ठेवलेला, आणि त्याची बोटं जराशी फाकलेली, मध्ये दुसरी बोटं मावावीत एवढी.

घड्याळ ओढून काढलं. घड्याळ निघालं. हात तसाच.

आतलं पाणी बंद झालं. म्हातारा आला. दाढी केलेली, गालावर एका ठिकाणी कापलेलं. इस्त्रीचा सदरा, केस पाणी लावून बसवलेले. नव्या नवऱ्यासारखा दारात उभा होता. त्याने डावा हात पुढे केला आणि म्हणाला, "तुम्हीच बांधा. माझे हात थरथरतात."

मी बांधलं. एका हाताने बांधलं, कारण दुसरा मला मोकळा नव्हता.

तो डोळे मिटून उभा राहिला. किती वेळ कोण जाणे. चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि मी तो उतरताना बघत राहिलो.

"नाही," तो म्हणाला. "कुणीच नाही... हे कुणीतरी आधी बांधलंय." मग माझ्याकडे बघून, "खूण नीट पाहिलीत?"

त्या क्षणी मला खरं सांगता आलं असतं. तीस वर्षांत कुणाच्या घड्याळातला स्क्रूसुद्धा मी बदलून लबाडी केली नाही. पण मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. मी म्हणालो, "पडदे लावलेत, साहेब. उजेड कमी आहे. चूक झाली असेल माझी. दुसऱ्याच कुणाची खूण असेल."

"असेल," तो म्हणाला. सदऱ्याची वरची बटणं काढत खाली बसला. "हरकत नाही. पुढच्या आठवड्यात एक येतंय."

जिना उतरताना मागे सगळ्या खणांतली वजनं पुन्हा फिरायला लागलेली मला ऐकू आली.

मुलगी आठ दिवसांनी दुकानात येऊन गेली. बाबा नाही म्हणाले, असं तिने मला दोनदा सांगितलं. मी मान खाली घालून एका गजराच्या घड्याळाशी खेळत राहिलो.

तेव्हापासून तो हात माझ्या हातात आहे. रस्ता ओलांडताना धरावा तसा, फार त्रास न देता. पण घड्याळजीच्या डाव्या हाताला काम असतं. बोटांत दुसरी बोटं असली की केसाएवढा स्क्रू धरता येत नाही. गिऱ्हाइकं तुटायला लागली. बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरला दाखवा." दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं.

मी दोनदा म्हाताऱ्याच्या इमारतीखाली गेलो. कबूल करायचं, माफी मागायची, हा हात त्याच्या हातात द्यायचा. दोन्ही वेळा फाटकाशी पोचताच ती बोटं इतकी आवळली की माझी नखं पांढरी पडली. मला वाटलं, आतुर झाली बिचारी. तरी माझाच धीर झाला नाही, आणि मी परत फिरलो.

गेल्या सोमवारी मुलगी एक मोठा खोका घेऊन आली. म्हातारा गेला होता. खुर्चीतच. हातावर त्याच सकाळी आलेलं घड्याळ होतं.

"सत्तेचाळीस झाली होती," ती म्हणाली. "शेवटपर्यंत समाधान म्हणून झालं नाही, काका. सगळी बंद पडलीत आता. ठेवून घ्या तुमच्याकडे. मला घरात नकोत."

ती गेल्यावर मी खोका उघडला. पट्टे गार होते, कोरडे होते. आवाज नाही, वास नाही. सुटले बिचारे सगळे, असं म्हणून मी झाकण लावायला उजवा हात पुढे केला, तर तो कुणीतरी धरला. मी तर काही बांधलंही नव्हतं.

मोठा हात. वाळका, कोरडा. धरून स्वस्थ बसला नाही. माझं एकेक बोट, तळवा, मनगट चाचपत गेला, विकत घ्यायची वस्तू माणूस उलटीपालटी करून बघतो तसा. मी ओळखलं कोण ते. आणि खरं सांगतो, भीतीच्या आधी मला आनंद झाला. वर्षभराचं ओझं उतरणार होतं. माझ्या चुकीने जे चुकलं, ते माझ्याच हातांनी जुळणार होतं. दुकानात कुणी नव्हतं. मी मोठ्याने म्हणालो, "साहेब, या आहेत बघा इथे," आणि दोन्ही हात एकमेकांजवळ आणले.

वीतभर अंतर राहिलं असेल. डावा हात माझ्या खांद्यातून निखळेल इतक्या जोराने मागे ओढला गेला. मी स्टुलावरून पडलो. पडल्यावरही ती ओढतच होती... माझा हात तिने माझ्याच पाठीमागे नेला आणि तिथे मुठीत घट्ट धरून ठेवला. ती बोटं थरथरत होती. वर्षभर मी ज्याला तिचं हात धरणं समजत होतो ते त्याच्यापासून लपणं होतं, हे मला जमिनीवर पडल्या पडल्या समजलं.

तुम्ही मघापासून बघताय, मी हा हात पाठीमागे धरून का बसलोय. मी धरलेला नाही. आणि उजवीकडच्या त्या म्हाताऱ्याच्या हाताला ती अजून सापडलेली नाही, म्हणून तो शोधत वर सरकतोय. सोमवारी मनगटाशी होता, परवा कोपरापाशी. आज तुम्ही आत आलात तेव्हा खांद्यावर होता, आता मानेपाशी आलाय.